सूर्याचें कंकण

पंचांगांतील ग्रहणाचें पान उघडलें म्हणजे सूर्यग्रहणाच्या पुढें खग्रास, खंडग्रास किंवा कंकणाकृति यांपैकीं एक शब्द लिहिलेला आढळतो. पहिल्या दोन शब्दांचा अर्थ घरांतील शाळकरी मूलहि सांगूं शकतें. सूर्याचें संपूर्ण बिंब झांकलें गेलें तर तें खग्रास, त्याचा कांहीं भागच झांकला गेला तर तें खंडग्रास. तिसऱ्या शब्दापाशीं मात्र जरा थांबावें लागतें. चंद्र सूर्याच्या अगदीं मधोमध येतो, दोघांचे मध्यबिंदु एकावर एक येतात आणि तरीहि सूर्य पुरता झांकला जात नाहीं. काळ्या चकतीभोंवतीं तेजाची एक बारीक बांगडी उरते. झांकणारा तोच आणि झांकला जाणाराहि तोच. मग एका अमावास्येस झांकण पुरतें आणि दुसऱ्या अमावास्येस तें अपुरें पडतें, हें कसें?

आज या प्रश्नाचें उत्तर शाळेच्या पुस्तकांत चार ओळींत मिळतें. दुसऱ्या शतकांतील ग्रीक विद्वानांपुढें मात्र तो प्रश्न इतका साधा नव्हता. सूर्याभोंवतीं उरलेल्या त्या तेजाच्या कडीनें अ‍ॅरिस्टॉटलच्या विश्वरचनेला धक्का दिला, आणि ज्याचें गणित पुढें जवळजवळ चौदाशें वर्षें प्रमाण मानलें गेलें त्या टॉलेमीचें एक विधानहि खोटें ठरविलें. गंमत अशी कीं, ही गोष्ट ज्यानें पाहिली त्याचा ग्रंथ उरला नाहीं, आणि ज्याचें म्हणणें चुकलें त्याचा ग्रंथ मात्र जगभर वाचला गेला.

प्रथम त्या कड्याचें कारण पाहणें बरें. सूर्याचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या सुमारें चारशेंपट आहे आणि सूर्याचें पृथ्वीपासूनचें अंतरहि चंद्राच्या अंतराच्या सुमारें चारशेंपट आहे. या योगायोगामुळें दोघांचीं बिंबें जवळजवळ सारख्या आकाराचीं दिसतात. 'जवळजवळ' हाच येथें महत्त्वाचा शब्द. चंद्र पृथ्वीभोंवतीं अचूक वर्तुळांत फिरत नाहीं. त्याचें अंतर सुमारें ३,५६,००० किलोमीटरपासून ४,०७,००० किलोमीटरपर्यंत कमीअधिक होत असतें. तो जवळ असतो तेव्हां त्याचें बिंब साडेतेहतीस कलांचें दिसतें. दूर, म्हणजे आपल्या ज्योतिषाच्या भाषेंत मंदोच्चापाशीं असतो, तेव्हां तें २९ कला २४ विकलांइतकें लहान होतें. सूर्याच्या बिंबांतहि फरक पडतो, पण थोडा. तें साडेएकतीस ते साडेबत्तीस कलांच्या दरम्यान राहतें. एका अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा सारा खेळ किती लहान मापांचा आहे तें कळून येईल.

श्रोत्यांना हा प्रकार घरींच करून पाहतां येईल. एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्यासमोर नाणें धरावें आणि भिंतीवरील घड्याळाची तबकडी त्या नाण्यानें पुरती झांकावी. मग हात हळूहळू लांब न्यावा. एका क्षणीं नाण्याच्या चारी बाजूंनीं तबकडीची कड डोकावूं लागेल. नाणें तेंच, घड्याळहि तेंच. बदललें तें केवळ अंतर. चंद्राच्या गडद छायेची लांबी सरासरीनें सुमारें ३,७४,००० किलोमीटर, आणि त्याचें सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. म्हणजे बहुतेक वेळां ही छाया पृथ्वीपर्यंत पोंचतच नाहीं. म्हणूनच कंकणाकृति ग्रहणें खग्रास ग्रहणांहून अधिक होतात. इ. स. पूर्व २००० पासून इ. स. ३००० पर्यंतच्या पांच हजार वर्षांचें जें गणित झालें आहे, त्यांत ३,९५६ ग्रहणें कंकणाकृति आणि ३,१७३ खग्रास भरतात.

इतकीं ग्रहणें होऊनहि प्राचीन ग्रंथांत कंकणाचा स्पष्ट उल्लेख फार क्वचित् सांपडतो. त्याचें कारण उघड आहे. खग्रास ग्रहणांत भर दिवसा अंधार पडतो, चांदण्या दिसतात, पक्षी घरट्यांकडे वळतात. तें कोणालाहि चुकवितां येत नाहीं. कंकणाच्या वेळीं सूर्याचा थोडासा भाग उघडा राहतो आणि तेवढाहि डोळे दिपविण्यास पुरेसा असतो. ऊन फिकट होतें, सांवल्या विचित्र होतात, परंतु वर पाहिलें तर झळाळीशिवाय कांहीं समजत नाहीं. पातळ ढग असेल किंवा सूर्य क्षितिजाशीं असेल तरच कडें ओळखूं येतें. रोमन लेखक सेनेका यानें लिहून ठेवलें आहे कीं, ग्रहण पाहण्यासाठीं लोक पसरट भांड्यांत तेल किंवा डांबर भरून त्यांतील प्रतिबिंब पाहत. ही युक्ति आजच्या नेत्रवैद्यांना पसंत पडणार नाहीं, पण त्या काळीं याहून चांगलें साधन हाताशीं नव्हतें.

कंकणाकृति ग्रहणाशीं संबंध असलेली एक जुनी नोंद थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराची आहे. अथेन्स आणि स्पार्टा यांचें प्रसिद्ध युद्ध सुरू झालें त्याच वर्षीं, इ. स. पूर्व ४३१ च्या उन्हाळ्यांत, दुपारनंतर सूर्याला ग्रहण लागलें. सूर्य चंद्रकोरीसारखा झाला, कांहीं तारे दिसूं लागले आणि मग बिंब पुन्हां भरून आलें, असें तो सांगतो. गणितानें ही तारीख ३ ऑगस्ट ठरते. हें ग्रहण कंकणाकृतिच होतें; परंतु कंकणाचा पट्टा अथेन्सच्या उत्तरेकडून गेल्यामुळें अथेन्सकरांच्या वांट्यास कोर तेवढी आली. थ्युसिडिडीजनें जातां जातां आणखी एक वाक्य लिहिलें आहे, आणि तें या नोंदीपेक्षांहि मोलाचें आहे: असें ग्रहण अमावास्येलाच होणें शक्य दिसतें. देवाचा कोप किंवा युद्धाचा अपशकुन यांविषयीं त्या ठिकाणीं एक शब्दहि नाहीं.

याच ग्रहणाला पुढें प्लुटार्कनें एक कथा जोडली. पेरिक्लीज आरमार घेऊन निघाला असतां सूर्य काळवंडला आणि त्याच्या नौकेचा सुकाणूवाला घाबरून गेला. पेरिक्लीजनें आपला झगा त्याच्या डोळ्यांपुढें धरला आणि यांत कांहीं भयंकर वाटतें काय, असें विचारलें. सुकाणूवाला नाहीं म्हणाला. तेव्हां पेरिक्लीजनें त्याला समजाविलें कीं, वरचा अंधार पाडणारी वस्तु या झग्याहून मोठी आहे, एवढाच काय तो फरक. कथा सुरेख आहे. पण प्लुटार्क ती ज्या मोहिमेची म्हणून सांगतो ती एक वर्षानें पुढची, आणि थ्युसिडिडीजला तिची वार्ता नाहीं. तेव्हां ती इतिहास म्हणून न घेतां, ग्रहणाचें खरें कारण सुशिक्षित ग्रीकांच्या किती अंगवळणीं पडलें होतें याचा पुरावा म्हणून घ्यावी, हें उत्तम.

कारण कळलें तरी अंतराचा प्रश्न तसाच राहिला होता. इ. स. पूर्व चौथ्या शतकांत युडोक्सस या गणितज्ञानें विश्वाची एक सुंदर रचना कल्पिली होती. मध्यभागीं स्थिर पृथ्वी, आणि कांद्याच्या सालींप्रमाणें तिच्याभोंवतीं एकांत एक बसविलेले फिरते गोल. त्यानें असे सत्तावीस गोल मानले. अ‍ॅरिस्टॉटलनें ते पंचावन्नपर्यंत वाढविले. गोल कितीहि वाढले तरी सर्वांचा मध्य एकच, म्हणजे पृथ्वी. त्यामुळें प्रत्येक ज्योति पृथ्वीपासून कायम सारख्याच अंतरावर राहणार, हें ओघानेंच आलें. चंद्र जवळ येणें नाहीं कीं दूर जाणें नाहीं. ही रचना अ‍ॅरिस्टॉटलच्या नांवाशीं जोडली गेल्यामुळें तिला हात लावणें म्हणजे गुरुद्रोहच समजला गेला असता.

तो हात लावणारा माणूस अ‍ॅरिस्टॉटलच्याच परंपरेंतील एक अध्यापक होता. त्याचें नांव सोसिजेनीस. जूलियस सीझरला पंचांगसुधारणेंत साहाय्य करणारा सोसिजेनीस तो हा नव्हे. तो याच्या दोनशें वर्षें आधींचा. हा सोसिजेनीस दुसऱ्या शतकांत होऊन गेला आणि अ‍ॅरिस्टॉटलचा थोर भाष्यकार अलेक्झांडर हा त्याचा शिष्य. त्यानें या फिरत्या गोलांविषयीं एक ग्रंथ लिहिला होता. तो ग्रंथ नष्ट झाला. परंतु सहाव्या शतकांतील सिंप्लिशियस या पंडितानें अ‍ॅरिस्टॉटलवरील आपल्या टीकेंत त्यांतील युक्तिवाद उतरून घेतले, म्हणून ते आज वाचावयास मिळतात. इ. स. ५२९ मध्यें जस्टिनियन बादशहानें अथेन्समधील तत्त्वज्ञानाचें अध्यापन बंद पाडलें. सिंप्लिशियस आणि त्याचे सोबती इराणच्या राजाच्या आश्रयास गेले आणि पुढें परतले. अशा धामधुमीच्या काळांत जुन्या पुस्तकांतले उतारे जपून ठेवणाऱ्या माणसाचे उपकार ज्योतिषशास्त्रानें मानले पाहिजेत.

सोसिजेनीसचे पुरावे साधे होते. शुक्र आणि मंगळ कधीं फार तेजस्वी, तर कधीं फिके दिसतात. चंद्रासंबंधीं त्यानें मापच दिलें: डोळ्यापासून ठराविक अंतरावर चकती धरून चंद्र झांकूं गेल्यास कधीं अकरा अंगुळांची चकती पुरते, तर कधीं बारा अंगुळांची लागते. प्रत्यक्षांतील फरक याहून थोडा अधिकच आहे, परंतु हातांतील चकतीनें केलेल्या मापाला हें यश लहान नाहीं. आणि शेवटीं ग्रहणें. सूर्य, चंद्र आणि पाहणाऱ्याचा डोळा एका सरळ रेषेंत आले असतां दर वेळीं सारखेंच दृश्य दिसत नाहीं. कधीं सूर्य पूर्णपणें लपतो, तर कधीं ग्रहणाच्या मध्यावर त्याची बाहेरची कड सर्व बाजूंनीं उरते. गोलांचा मध्य एकच असता तर असें घडलें नसतें. इ. स. १६४ च्या सप्टेंबरच्या ४ तारखेस ग्रीक प्रदेशांतून एक कंकणाकृति ग्रहण दिसलें. सोसिजेनीसच्या डोळ्यांपुढें तेंच असावें, असें अभ्यासक मानतात.

याच्या थोडेंच आधीं, इ. स. १५० च्या सुमारास, अलेक्झांड्रियांत टॉलेमीचा महाग्रंथ तयार झाला होता. टॉलेमी एककेंद्री गोल मानीत नसे. त्याच्या मांडणींत चंद्र जवळ येई आणि दूरहि जाई. मग कंकणाची अडचण त्याला पडावयास नको होती. पण ती पडली, आणि ती कशी पडली तें पाहण्याजोगें आहे. त्याच्या पूर्वींचा हिपार्कस असें मानी कीं, चंद्र मध्यम अंतरावर असतां त्याचें बिंब सूर्याएवढें असतें. हें खरें धरल्यास चंद्र त्याहून दूर असतांना त्याचें बिंब लहान होणार आणि कंकण दिसणार. टॉलेमीनें हें मत सुधारलें. चंद्र अगदीं दूर असतांनाच त्याचें बिंब सूर्याएवढें होतें, एरव्हीं तें मोठेंच असतें, असें त्यानें ठरविलें. याचा सरळ अर्थ असा कीं, कंकणाकृति ग्रहण कधींच होणें शक्य नाहीं.

हा निष्कर्ष त्यानें लहरीनें काढला नव्हता. नळीसारख्या साधनांतून बिंबाचें माप नीट येत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. म्हणून त्यानें बाबिलोनच्या जुन्या नोंदींतून दोन चंद्रग्रहणें निवडलीं: एक इ. स. पूर्व ६२१ चें, दुसरें इ. स. पूर्व ५२३ चें. दोन्ही वेळां चंद्र दूर होता. पहिल्यांत चंद्रबिंबाचा चतुर्थांश ग्रासला गेला, दुसऱ्यांत अर्धें बिंब. क्रांतिवृत्तापासून चंद्राचें अंतर, म्हणजे त्याचा शर, पहिल्या वेळीं ४८ कला ३० विकला आणि दुसऱ्या वेळीं ४० कला ४० विकला, असें त्याच्या गणितानें आलें. यांतील ७ कला ५० विकलांचा फरक म्हणजे बिंबाचा चौथा हिस्सा. चारानें गुणले कीं ३१ कला २० विकला झाल्या. तर्क निर्दोष आहे. परंतु खरें बिंब साडेएकोणतीस कलांहूनहि थोडें लहान, म्हणजे त्याचा चौथा हिस्सा सात कला आणि वीस-एकवीस विकला. मूळ फरकांत अर्ध्या कलेची चूक होती, ती चौपट होऊन दोन कलांची झाली, आणि त्या दोन कलांत कंकण बुडून गेलें. एखाद्या बाबिलोनी लेखकानें सातशें वर्षांपूर्वीं नजरेच्या अंदाजानें लिहिलेल्या 'पाव' आणि 'अर्धा' या शब्दांवर इतकें ओझें टाकावयास नको होतें.

टॉलेमीच्या चंद्राचा आणखी एक दोष तर रोजच्या पाहण्यांतला होता. त्याच्या मांडणीप्रमाणें अर्धचंद्राच्या सुमारास चंद्र कधीं कधीं इतका जवळ येतो कीं, त्याचें बिंब जवळजवळ दुप्पट दिसावें. तसें तें कधींच दिसत नाहीं. चंद्राचें स्थान अचूक सांगतां आलें म्हणजे झालें, त्याच्या आकाराकडे कोण पाहतो, अशी वृत्ति त्यामागें होती कीं काय, अशी शंका येते. पांचव्या शतकांत प्रोक्लसनें ही विसंगति उघड बोलून दाखविली: सोसिजेनीसचें म्हणणें खरें असेल, तर एक तर सूर्याचें बिंब बदलतें असें मानलें पाहिजे, नाहीं तर चंद्राविषयींचें टॉलेमीचें माप सोडलें पाहिजे. आज पाहतां दोन्ही गोष्टी कराव्या लागतात.

या ठिकाणीं भारतीय सिद्धांतग्रंथांकडे वळणें अप्रस्तुत होणार नाहीं, कारण तेथें हा गुंता मुळांतच उद्भवला नाहीं. सूर्यग्रहणांत चंद्र सूर्याला झांकतो, हें आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास स्पष्ट लिहिलें आहे. सूर्यसिद्धांतांत सूर्यबिंबाचा व्यास ६,५०० योजनें आणि चंद्रबिंबाचा ४८० योजनें दिला आहे. त्यावरून चंद्राचें मध्यम बिंब बरोबर ३२ कलांचें आणि सूर्याचें सुमारें ३२ कला २५ विकलांचें निघतें. म्हणजे सूर्य किंचित् मोठा. त्यापुढील रीति अशी कीं, त्या दिवसाच्या स्पष्ट गतीनें बिंबास गुणावें आणि मध्यम गतीनें भागावें. चंद्र मंद चालतो तेव्हां तो दूर असतो, म्हणून त्याचें बिंबहि त्याच प्रमाणांत लहान. या हिशेबानें मंदोच्चापाशीं चंद्रबिंब सुमारें २९ कलांचें येतें, आणि तें आजच्या मापाशीं फार चांगलें जुळतें. योजनांचे आंकडे खऱ्या अंतरांशीं जुळत नाहींत, सूर्याचें अंतर तर फारच कमी धरलेलें आहे. तरीहि कंकणाला या गणितांत जागा मोकळी होती. सिद्धांतकालीन गणिताचा इतिहास मराठींत वाचूं इच्छिणाऱ्यांना शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ मध्यें प्रसिद्ध झालेला 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आजहि उपयोगी पडतो.

टॉलेमीच्या विधानाला प्रत्यक्ष दाखला देऊन खोटें ठरविणारी तारीखवार नोंद इराणांतील आहे. इ. स. ८७३ च्या जुलैच्या २८ तारखेस निशापूर येथें इरानशहरी नांवाच्या विद्वानानें चंद्राचें काळें बिंब सूर्याच्या मधोमध आलेलें आणि त्याच्याभोंवतीं सूर्याचा प्रकाश उरलेला पाहिला. ही हकीकत अल् बेरूनीनें अकराव्या शतकांत आपल्या ज्योतिषग्रंथांत नमूद केली. भारताविषयीं ज्यानें एवढा मोठा ग्रंथ लिहिला तोच हा अल् बेरूनी. टॉलेमीविषयीं त्याला पूर्ण आदर होता, पण त्या आदरापायीं त्यानें ही नोंद दडविली नाहीं.

अशा नोंदींचा उपयोग आजचे ज्योतिषी एका निराळ्याच कामीं करतात. पृथ्वीचें स्वतःभोंवतीं फिरणें फार हळूहळू मंदावत आहे. दिवस शतकामागें एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दुपटीहूनहि थोड्या कमी अंशानें वाढतो. हा वाढावा क्षुल्लक दिसतो, पण रोजचा फरक सांठत जाऊन दुसऱ्या शतकापासून आजवर तो सुमारें अडीच तासांचा झाला आहे. हा फरक न धरतां इ. स. १६४ च्या ग्रहणाचें गणित केलें, तर कंकणाचा पट्टा सुमारें ३७ अंश पश्चिमेकडे सरकतो आणि ग्रीसऐवजीं अटलांटिक महासागराच्या लाटांवर जाऊन पडतो. मात्र जुनी नोंद वापरतांना ती कंकणाचीच आहे ना, हें आधीं पारखावें लागतें. ग्रहणकाळीं चंद्राच्या कडेभोंवतीं कांहीं प्रकाश राहतो, असें प्लुटार्कनेंहि एके ठिकाणीं लिहिलें आहे; पण तें कंकण कीं खग्रास सूर्याभोंवतीं दिसणारा प्रभामंडल, यावर अभ्यासकांचें एकमत नाहीं.

कंकण दिसण्याचा काळहि प्रत्येक वेळीं निराळा असतो. १५ जानेवारी २०१० रोजीं झालेल्या ग्रहणांत तो ११ मिनिटें ८ सेकंदांपर्यंत गेला. चालू सहस्रकांत इतका दीर्घ काळ दुसऱ्या कोणत्याहि कंकणास लाभणार नाहीं. रामेश्वर आणि धनुष्कोडी येथून त्या दिवशीं कंकण दिसलें. २६ डिसेंबर २०१९ चा पट्टा केरळ आणि तामिळनाडू यांवरून गेला, तर २१ जून २०२० चा राजस्थान, हरियाणा आणि उत्तराखंड यांवरून. तिन्ही वेळां महाराष्ट्रांत खंडग्रासच दिसलें. यापुढें भारतांतून कंकण दिसण्याचा योग २१ मे २०३१ रोजीं आहे. त्याचा पट्टा केरळाच्या आणि तामिळनाडूच्या दक्षिण भागांवरून जाईल. मुंबई-पुण्याच्या लोकांना ज्यांत कड सर्व बाजूंनीं उरते तें दृश्य पाहावयाचें असल्यास, ग्रहणाचा चष्मा बरोबर घेऊन, तिकडची गाडी धरावी लागेल.